विशाखाच्या नदीतल्या गोगलगायी

विशाखा,

तुझ्या गोगलगायी मरायला लागल्या होत्या. हे तुला आधी सांगते, कारण बाकी कोणाला सांगितलं तर म्हणतात, शुभा, माणूस गेलंय आणि तू गोगलगायींचं काय घेऊन बसलीस.

तुझं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गावी परतले, गॅलरीतल्या भाड्याच्या खुर्च्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांना डबा द्यायला करी रोडला आले तर टबात दोघी वर तरंगत होत्या. शंखाचं दार उघडं, आतलं मांस सैल पडलेलं. तूच सांगितलं होतंस की जिवंत गोगलगायीला नुसतं बोट लावलं तरी ती आत जाते आणि दार ओढून घेते. मी उलथन्याच्या दांड्याने एकीला टोचलं. काही झालं नाही. दुसरीला टोचलं. तिलाही काही नाही. मग मी तिथेच, तुझ्या दारातल्या पायरीवर, बसले.

तुला माहीत आहे मी कशी आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला दोन जिने परत चढणारी. दादरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं पेशंटची नावं लिहितेय, तरी प्रत्येक संध्याकाळी वाटतं की आज कोणालातरी चुकीची वेळ दिली. अशा बाईच्या हातात तू हे दोन टब का सोडून गेलीस? निळं पिंप आडवं कापून केलेले ते टब, तळाला नदीची वाळू, नदीचा चिखल, आणि त्यात करी रोडच्या चाळीत जन्मलेल्या नदीच्या गोगलगायी. तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचीस. मला तर झुरळाचीही भीती वाटते.

तू त्या पहिल्यांदा आणल्यास तेव्हा करी रोडला जायच्या आधी लालबागला आमच्याकडे आली होतीस, हातात झाकणाची बादली घेऊन. एस.टी.त बसून अंग आंबलंय, चहा दे म्हणालीस. आईने झाकण उघडून बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"अगो बाय, ह्यां काय हाडलंस?"

"गोगलगायी, काकू. आईच्या गावच्या नदीतल्या."

"शी! भायर ठेव त्यो."

"तुम्ही खाडीतल्या तिसऱ्या खाता ना, काकू? ह्या त्यांच्याच लांबच्या नात्यातल्या. फक्त गोड्या पाण्यातल्या."

"तिसऱ्यो वायल्यो," आई म्हणाली, "ह्यां वायलां."

तू हसलीस, पण मग सरळ सांगून टाकलंस. "माझ्या आईने लहानपणी ह्याच खाल्ल्यात, काकू. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा आजी नदीवर जाऊन पदरात घेऊन यायची. उकडायच्या आणि करवंदीच्या काट्याने आतलं ओढून काढायचं."

आई आता काय बोलेल, तू काय बोलशील, आणि आपली मैत्री आज ह्या बादलीपाशी संपेल का, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. आईने पुढे होऊन बादलीत परत वाकून बघितलं. मग म्हणाली, "चवीक कशी लागतत?"

"आई म्हणायची, आधी दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायच्या. चिखल सोडला की चांगल्या लागतात."

"तिसऱ्योय तशेच ठेवूक लागतत," आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

तुझ्या आईने हे मुंबईत कधी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीत तर नाहीच. गिरणीत काम करणाऱ्या माणसाची बायको, मुलीला शिकवणारी, रविवारी विहारात पांढरी साडी नेसून जाणारी. नदीतल्या किड्यांवर वाढले हे ती कशाला सांगेल? तुझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकात तिने ह्या गोगलगायीचं चित्र पाहिलं आणि न राहवून बोलून गेली, "ही आमच्या डोहातली." तेव्हापासून तू त्यांच्या मागे लागलीस. लोक वाघांच्या मागे जातात, पक्ष्यांच्या मागे जातात. तुला विचारलं तर म्हणायचीस, "दुर्मीळ नाहीच गं ती. कुठल्याही तळ्यात सापडेल. म्हणून तर तिच्याकडे कोणी बघत नाही."

तू बादली आणलीस त्याच्या पुढच्याच वर्षी त्या डोहात पोकलेन उतरलं. रेती काढली, किनाऱ्याची झाडं पाडली, खालचा चिखल वर आणि वरचं पाणी गढूळ. तू मे महिन्यात गेलीस, दिवाळीत गेलीस, परत मे महिन्यात गेलीस. रिकामे शंख मिळाले, पांढरे पडलेले. जिवंत एकही नाही. मग तुझ्या गॅलरीतल्या त्या दोन टबांचा अर्थ बदलला. तोपर्यंत तो तुझा छंद होता. आता तुझ्या आईच्या डोहातल्या तेवढ्याच उरल्या होत्या.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, नेऊन सोड त्यांना परत, मोकळी हो. तू म्हणायचीस, पाणी तयार नाही अजून. मी म्हणायचे, मग दुसऱ्या तळ्यातल्या आणून टाक, तूच म्हणतेस ना कुठेही सापडतात? त्यावर तू चिडायचीस. "शुभे, तुझ्या आईच्या जागी दुसरी बाई आणून बसवली तर चालेल का तुला?" मी म्हणायचे, गोगलगायींचं आणि आईचं काय! तू म्हणायचीस, "काहीच नाही. पण बाहेरच्या आणून टाकायच्या नाहीत. त्यांच्याबरोबर काय काय येतं ते आपल्याला दिसत नाही."

दर वर्षी हेच. चहा थंड व्हायचा, बाबा आतून ओरडायचे, "झालं का तुमचं गोगलगायींचं लोकसभा अधिवेशन?"

एक दुपार मी विसरणं शक्य नाही. आईच्या गळ्याला गाठ आली होती आणि तिचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट यायचा होता. मी दवाखान्यातून रजा घेतली आणि घरात नुसती फेऱ्या मारत होते. फोन उचलायचे, ठेवायचे. आई शांत झोपली होती आणि मला तिच्या शांत झोपण्याचीही भीती वाटत होती. तू आलीस, काचेची बरणी टेबलावर ठेवलीस. आत एकच गोगलगाय.

"ही आज व्यायची आहे," म्हणालीस. "रिपोर्ट येईपर्यंत हिच्याकडे बघ."

"अंडी घालणार?"

"अंडी नाही घालत ही. पिल्लं देते. शंखासकट."

मला खोटं वाटलं. पण बसले बघत. तू सांगत राहिलीस, हळू आवाजात, आईला जाग येऊ नये म्हणून. की हिच्या पोटात एकाच वेळी लहानमोठी पिल्लं असतात, कोणी अजून नुसता थेंब, कोणी बाहेर यायला तयार. की ती आपल्यासारखी फुप्फुसाने नाही, कल्ल्याने श्वास घेते, म्हणून पाणी बिघडलं की आधी तीच गुदमरते. की जिभेवर बारीक दातांची पट्टी असते आणि तिने ती दगडावरचं शेवाळ खरवडते. की नर ओळखायचा तर उजवी मिशी बघायची, ती डावीपेक्षा आखूड आणि जाड असते. की उन्हाळ्यात नदी आटली की ही चिखलात शिरते, दार घट्ट लावते आणि पाणी येईपर्यंत तशीच पडून राहते. मी विचारलं, "आत घाबरत नसेल?" तू म्हणालीस, "तू घाबरशील. ती वाट बघते."

आणि मग खरंच तिच्या शंखाच्या तोंडापाशी एक साबुदाण्याएवढा ठिपका आला. पारदर्शक, त्यावर बारीक रेघा. तो सुटला, बरणीच्या तळाला गेला, थोडा वेळ पडून राहिला. मग त्याने दोन मिश्या बाहेर काढल्या आणि चालायला लागला. कोणी शिकवलं नाही, कोणी हात धरला नाही. मी फोन कुठे ठेवलाय तेच विसरले. तो वाजला तेव्हा तूच उचललास. रिपोर्ट चांगला होता.

त्या दुपारचे आभार मी तुझे कधी मानले नाहीत. आपण मानत नाही ना असले आभार. मानले असते तर तू म्हणाली असतीस, चल, नाटकं नको करूस.

पण मग हे कसं केलंस गं? माझ्या आईच्या रिपोर्टला तू माझ्याशेजारी बसलीस, आणि स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हा मला साधं कळवलंही नाहीस.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू नदीवर गेली नाहीस. म्हणालीस, पेपर तपासायचेत. मे महिन्यातही नाही. म्हणालीस, ऊन सोसत नाही आता. परळला त्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या गेटमधून तुला बाहेर येताना मी बसमधून पाहिलं. डोक्याला स्कार्फ, हातात फाइल. संध्याकाळी विचारलं तर म्हणालीस, "एका विद्यार्थिनीची आई ॲडमिट आहे, बघायला गेले होते." आणि मी विश्वास ठेवला! गॅसच्या बटणावर विश्वास न ठेवणारी मी, तुझ्यावर ठेवला. इतकी वर्षं मला प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसत आलं, आणि जिथे वाईट खरंच समोर उभं होतं तिथे ते दिसलं नाही.

तुला ॲडमिट केलं तेव्हा बाबांनी फोन केला. मी वॉर्डात आले. तू इतकी बारीक झाली होतीस की पलंगावर फक्त चादर आहे असं वाटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले बरेच महिने."

"आणि मला?"

तू डोळे मिटलेस. "तुला सांगितलं असतं तर तुझी काळजी करत बसावं लागलं असतं मला. तेवढी ताकद नव्हती, शुभे."

"म्हणजे मी तुझ्या कामाचीच नाही."

"असं नाही."

"मग कसं?"

बाजूच्या पलंगावरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. हात तापलेला होता. "उद्या भांडू," म्हणालीस. "आज बस नुसती."

मी बसले. दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि भांडता आलं नाही. त्यानंतर एकदाही नाही.

म्हणून मी अजून भांडतेय. तू मला घाबरट म्हणून बाहेर ठेवलंस. पण घाबरट माणसाला घाबरता तरी येतं. तुझ्याबरोबर त्या गेटमधून आत येऊन बाकड्यावर बसून घाबरले असते. डबा आणला असता. फाइल धरली असती. तू एकटीच त्या रांगेत उभी राहिलीस. ते आठवलं की मला अजून तुझा राग येतो, आणि राग आला की लगेच रडू येतं, आणि मग बाबा विचारतात, काय झालं पोरी, आणि मी सांगते, काही नाही, कांदा.

तर, गोगलगायी मरत होत्या. रोज एखादी. तुझ्या कॉलेजातल्या गावडे सरांना फोन केला. ते म्हणाले, पाणी बदला, पण नळाचं सरळ नका घालू, एक दिवस उघड्यावर ठेवून मग घाला. मी बादल्या भरून ठेवल्या. पाणी बदललं. दोन दिवस बरं चाललं आणि परत एक तरंगली. मग मला वाटायला लागलं की दोष माझ्या हातातच आहे. कामावर असताना जीव टबात. खिडकीवर पेशंट म्हणताहेत, ताई, नाव लिहा, आणि मी विचार करतेय की ऊन कुठपर्यंत आलं असेल, गॅलरीत कोणी फिनेल तर टाकलं नसेल, मांजर तर बसली नसेल.

एके दिवशी डॉक्टर लवकर गेले म्हणून मी दुपारीच करी रोडला आले. बाबा टबापाशी उकिडवे बसले होते. ताटातला भात बोटांनी मोकळा करून, एक एक शीत पाण्यात सोडत होते. अगदी हळू, मुलाला भरवावं तसं.

"बाबा, काय करताय?"

"जेवायला घालतोय," ते म्हणाले. "ती आमच्या दोघांच्या आधी ह्यांना घालायची ना काहीतरी. मला वाटलं, ती गेल्यापासून उपाशी असतील."

मी वाकून बघितलं. तळाशी चिखलावर पांढरा थर होता. जुना भात, आंबलेला. वास येत होता, जो मला इतके दिवस चाळीच्या मोरीचा वाटत होता.

"ती पालक उकडून घालायची, बाबा. तोही चिमूटभर."

त्यांनी हातातल्या भाताकडे पाहिलं. मग टबाकडे. मग माझ्याकडे. ऐंशी ओलांडलेला माणूस, गिरणीत उभं आयुष्य काढलेला, आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "म्हणजे मीच मारल्या का गं ह्या?"

"नाही हो बाबा. मीच पाणी एकदम बदललं ना, ते त्यांना मानवलं नसेल. सर म्हणाले तसं."

सर असं काही म्हणाले नव्हते. मी धडधडीत खोटं बोलले, आणि आवाजही हलला नाही. बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. तिथे उभी असताना मला तुझं ते वाक्य कळलं, ताकद नव्हती शुभे. कळलं म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण कळलं.

मग बाबांनी आणि मी मिळून टब उपसला. गाळ बाजूला काढला, सडलेलं वेचलं, उरलेल्या एकेकीला हाताने उचलून बादलीत ठेवलं. हो, हाताने. मी. पहिलीने माझ्या तळव्यावर दार ओढून घेतलं तेव्हा अंगावर काटा आला, पण टाकली नाही. निम्म्याहून अधिक गेल्या होत्या. उरलेल्या जगल्या.

पण चाळ रिकामी करायची वेळ आली होती. तुला माहीतच होतं, टॉवर होणार म्हणून किती वर्षं नुसतं ऐकत होतो. तू गेलीस आणि महिन्याभरात तारीखच आली. बाबांना प्रभादेवीला एक खोली मिळाली, बिनगॅलरीची. टब ठेवायचे कुठे? बाबा म्हणाले, "नदीत सोडून येऊ. तिची इच्छा होती."

मला ते पटलं होतं. इतकी वर्षं मी हेच तर म्हणत होते. पण गावडे सर फोनवर एकदम गंभीर झाले. "शुभाताई, घाई नका करू. इतकी वर्षं टबात वाढलेल्या, मध्ये इतक्या मेलेल्या. काही रोग असेल तर तो नदीत जाईल. आधी जाऊन पाणी बघा. तिथे काही आहे का बघा. मग ठरवू." म्हणजे तुझंच म्हणणं. तू गेल्यावरही तुझीच बाजू जिंकत होती.

दिवाळी झाल्यावर आम्ही भाड्याची गाडी केली. रस्ताभर मी काय काय घाबरले ते सांगत नाही. ट्रक, वळणं, बाबांची बी.पी.ची गोळी, ड्रायव्हरला येणारी जांभई. बाबा मात्र खिडकीतून बघत होते आणि मधूनच म्हणत होते, इथे पूर्वी वडापाव मिळायचा.

नदीपाशी उतरलो. तू दाखवलेल्या फोटोतला तो खणलेला, लालभडक खड्डा मी शोधत होते. तो नव्हता. कडेने लव्हाळी वाढली होती. एका बाजूला जांभळीची मुळं पाण्यात उतरली होती. पाणी संथ, तळ दिसेल इतकं स्वच्छ. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला तर तेव्हाही भीतीच वाटली. की हे नुसतं वरवर चांगलं दिसत असेल. की आत काहीच नसेल.

बाबांना दगडावर बसवलं आणि मी साडी खोचून पाण्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा नदीत. तू शिकवलंस तसं दगडांची सावलीची बाजू चाचपली, पाण्यात बुडालेली पानं उलटली. रिकामे शंख. एक, मग आणखी, मग ओंजळभर. सगळे पांढरे, हलके. चिखलात बोटं घालायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. खेकडा असेल, पाणसाप असेल, काच असेल. काहीच नव्हतं. काहीच नाही हे जास्त वाईट होतं.

"आहेत का गं?" बाबांनी विचारलं.

"नाहीत अजून."

"राहू दे. ये वर. थंडी बाधेल."

मी वर यायला वळले आणि तोल सावरायला जांभळीच्या मुळाला धरलं. मुळाच्या खालच्या बाजूला काहीतरी गोल, जड हाताला लागलं. ओढून काढलं. हिरवट तपकिरी शंख, त्यावर गडद पट्टे. माझ्या बोटांत तिने दार लावून घेतलं.

आधी खात्री करायची होती. परत हात घातला. आणखी एक. त्याच मुळावर तिसरी. आणि तिथे अडकलेलं एक कुजकं पान मी उलटलं, तर त्यावर साबुदाण्यासारखे ठिपके होते. बारीक रेघा असलेले. त्यातला एक चालत होता.

"बाबा," मी म्हटलं. ते पान वर धरून दाखवलं.

ते दगडावरून उठले. मी ओरडले, येऊ नका, शेवाळ आहे, पडाल! त्यांनी ऐकलं नाही. चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि पाण्यात आले. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. त्यांना काही दिसत होतं की नाही देव जाणे. "विशाखाच्या आईच्या," म्हणाले. "तिच्या आईच्या ह्या." मग पान होतं तिथे, मुळापाशी, अलगद ठेवून दिलं.

गाडीपाशी वर रस्त्यावर फोनला रेंज आली. सरांना फोटो पाठवला. मला वाटत होतं ते म्हणतील ही दुसरीच जात आहे, शुभाताई, तुमची चूक झाली. त्यांचा फोन आला. "त्याच आहेत," म्हणाले. "वरच्या ओढ्यात राहिल्या असतील, तिथून उतरल्या असतील. आणि पिल्लं आहेत म्हणजे इथेच वाढतायत. मोठ्यांनी तरी निदान दोन पावसाळे पाहिले असतील."

टबातल्या तिथे सोडल्या नाहीत. गरजच उरली नव्हती. एक टब आता लालबागला आमच्या गॅलरीत आहे. पालक मी उकडते. आई रोज सकाळी काठी टेकत जाते, वाकून बघते आणि मला तिथूनच ओरडून सांगते, "सगळी चलतत गो." बाबा रविवारी प्रभादेवीहून येतात, टबापाशी खुर्ची टाकून बसतात. हातात काही नसतं. आईने एकदा त्यांना विचारलं, काही घालता का त्यांना? ते म्हणाले, नाही, मी नुसता बघतो.

हे सगळं तुला सांगायचं म्हणून बसले. बाकीचं भांडण राहिलंय, ते मी सोडणार नाही. पण एक गोष्ट राहूनच जाते. शेवटचं वर्षभर तू नदीवर जाऊ शकली नाहीस. त्या वॉर्डात तुला वाटत असेल की आईच्या डोहातलं सगळं संपलं, उरलं ते फक्त तुझ्या गॅलरीत. मी सरांचं गणित परत परत करून बघितलं. मोठ्यांनी निदान दोन पावसाळे पाहिलेत.

त्या आहेत गं, विशाखा. तू मला उद्या भांडू म्हणालीस, त्या दिवशीही त्या तिथे होत्या.